'यूपीआय' दुवा आणि पाच तऱ्हेच्या प्रणाली
चिकलठाणा एमआयडीसीतल्या एखाद्या दुकानाने बिलासोबत पाठवलेला पैसे भरण्याचा दुवा 'एचटीटीपीएस'ऐवजी 'यूपीआय' या अक्षरांनी सुरू होऊ शकतो. अपूर्णविरामाआधीच्या या भागाला 'स्कीम' म्हणतात. दुवा कोणत्या ॲपकडे सोपवायचा, हे कार्यप्रणाली त्यावरून ठरवते. पुढे पैसे घेणाऱ्याचा यूपीआय पत्ता, नाव आणि रक्कम असते. यूपीआय 2016 साली भारतीय राष्ट्रीय भुगतान निगमाने (एनपीसीआय) आणले; दुव्याचा साचाही त्याचाच.

साचा एक असला तरी वागणूक एक नाही. अँड्रॉइडवर ही स्कीम हाताळणारी अनेक ॲप असली, तर सहसा यादी समोर येते आणि ग्राहक निवडतो. आयफोनवर अशी यादी नाही. एकाच स्कीमवर अनेक ॲपनी हक्क सांगितला तर कोणते उघडेल, याची हमी ॲपल देत नाही. म्हणून तिथे फोनपे, पेटीएम यांच्या स्वतंत्र स्कीम वापराव्या लागतात. खरी डोकेदुखी इथेच.

संगणकावर नोंदणीच्या जागा वेगळ्या: विंडोजमध्ये रजिस्ट्री, लिनक्समध्ये 'डेस्कटॉप' फाइल, मॅकमध्ये ॲपसोबतची माहिती-फाइल. नोंद नसेल तर दुवा मुका राहतो. यूपीआयची ॲप मुख्यतः मोबाइलवरच असल्याने संगणकावर क्यूआर कोड दाखवणे शहाणपणाचे.

पैसे भरण्याखेरीज इतर कामांसाठी ॲप उघडायचे असेल तर साधा 'एचटीटीपीएस' दुवा बरा. संकेतस्थळावर ठेवलेल्या पडताळणी-फाइलमुळे तो थेट ॲपमध्ये उघडतो. ॲप नसेल तर ब्राउझरमध्ये पान दिसते.