एका ‘सूट’ची अनेक वळणे

कापडदुकानाच्या पाटीवर ‘सूटवर सूट’ असे लिहिले तर ग्राहक गोंधळत नाही. त्यातला पहिला ‘सूट’ इंग्रजीतून आलेला पुल्लिंगी पोशाख. दुसरी ‘सूट’ आपल्या ‘सुटणे’ या क्रियापदाची लेक, स्त्रीलिंगी सवलत. उच्चार एक, घराणी दोन.

इंग्रजी ‘सूट’चे मूळ लॅटिनमधील ‘मागोमाग जाणे’ या अर्थाच्या धातूत आहे. फ्रेंचमार्गे तो शब्द इंग्रजीत आला. एकाच कापडाचे, एकमेकांस जुळणारे कपडे म्हणजे सूट. हॉटेलातील एकमेकींना जोडलेल्या खोल्यांचा ‘स्वीट’ हा त्याचाच भाऊ. मिठाईशी त्याचे नाते नाही.

पत्त्यांतील इस्पिक, बदाम, किलवर, चौकट या चार रंगांनाही इंग्रजीत सूटच म्हणतात. पहिल्याने बदाम टाकला की इतरांनीही बदामच टाकायचा, यावरून ‘फॉलो सूट’ हा वाक्प्रचार रूढ झाला. एका दुकानदाराने भाव उतरवले आणि शेजाऱ्यानेही उतरवले, तर तेथे हाच वाक्प्रचार योजतात. माणसाची जमेची बाजू म्हणजे त्याचा ‘स्ट्राँग सूट’. ‘सूट युवरसेल्फ’ म्हणजे ‘तुम्हाला हवे ते करा’. पण त्यात त्रासिक सूर असतो, म्हणून व्यापारी पत्रात तो टाळलेला बरा. मुलीला मागणी घालणारा तो ‘सूटर’. दुसरी कंपनी विकत घेऊ पाहणाऱ्या कंपनीलाही अर्थविषयक वृत्तपत्रे हेच नाव देतात.

व्यापारी कुटुंबाने सर्वाधिक लक्षात ठेवावा असा अर्थ मात्र न्यायालयातला आहे. तेथे सूट म्हणजे दिवाणी दावा, आपल्या हक्काच्या मागे लागणे. या मागे लागण्याला मुदत आहे. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार उसने दिलेल्या रकमेसाठी किंवा उधारीवर विकलेल्या मालाच्या किमतीसाठी सर्वसाधारणपणे ३ वर्षांच्या आत दावा दाखल करावा लागतो. ती मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने देणे मान्य असल्याचे लेखी लिहून सही केली, तर त्या दिवसापासून मुदत नव्याने मोजली जाते. तोंडी ‘देतो, देतो’ म्हणण्याने हा लाभ मिळत नाही. नातलग, जुना गिऱ्हाईक किंवा समाजबंधू यांच्याकडे शब्द टाकण्याचा संकोच होतो आणि वर्षे निघून जातात. भीड ही भिकेची बहीण, हे वडीलधारे उगीच सांगत नसत. दरवर्षी खातेउतारा पाठवून त्यावर बाकी मान्य असल्याची सही व तारीख घेतली, तर स्नेहही टिकतो आणि हक्कही.

या शब्दाचा एक वाक्प्रचार जैन वाचकाला थबकवणारा आहे. नग्नतेला इंग्रजीत थट्टेने ‘बर्थडे सूट’, म्हणजे जन्मदिवसाचा पोशाख, म्हणतात. आचार्य कुंदकुंदांच्या ‘प्रवचनसार’ ग्रंथात श्रमणाच्या दिगंबर अवस्थेसाठी ‘यथाजात’, म्हणजे जन्मला तसा, हा शब्द आला आहे. कल्पना जवळजवळ तीच, पण एका भाषेत तिच्यावर हसू उमटते आणि दुसरीत मस्तक नमते. पोशाखाच्या शब्दाला खरा अर्थ शिंपी देत नाही. तो वापरणाऱ्यांची जीवनदृष्टी देते.