लोखंडी हाताचा सेनापती

मी तुम्हांला फ्रान्स देशातल्या एका सेनापतीची माहिती सांगणार आहे. ही गोष्ट आम्हांला गुरुजींनी सांगितली. सेनापतीचे नाव फ्रांस्वा द ला नू. नाव अवघड आहे, पण दोनदा म्हटले की येते. त्यांचा जन्म इ. स. १५३१ साली झाला. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या ९९ वर्षे आधी. मी वजाबाकी करून पाहिली.

त्या वेळी फ्रान्समध्ये धर्मावरून लढाया चालत. १५६२ साली सुरू झाल्या, त्या १५९८ साली थांबल्या. दोन्हीकडचे लोक ख्रिस्तीच होते. पण कॅथलिक लोक रोमच्या पोपला मानायचे आणि दुसरे मानायचे नाहीत. त्यांना ह्यूगनॉट म्हणत. ते संख्येने थोडे होते आणि राजा कॅथलिक होता. ला नू ह्यूगनॉटांचे सेनापती होते.

१५७० साली एका गावाच्या वेढ्यात त्यांच्या डाव्या हाताला गोळी लागली. हाड फुटले. ला रोशेल या बंदराच्या शहरात नेऊन हात कापावा लागला. तेव्हा भूल द्यायचे औषध नव्हते! मला तर सुईचीच भीती वाटते. मग एका कारागिराने त्यांना लोखंडाचा हात करून दिला. त्याला आकडा होता. आकड्यात घोड्याचा लगाम धरायचा आणि उजव्या हातात तलवार. ते पुन्हा घोड्यावर बसले. तेव्हापासून लोक त्यांना 'लोखंडी हात' म्हणू लागले.

आमच्या नानांचा (माझे चुलते) डावा हात कडबा कापायच्या यंत्रात मनगटापासून गेला. तेव्हापासून ते गाडी जुंपत नाहीत. घरात बैल विकायचे बोलणे चालले होते. मी ही गोष्ट त्यांना सांगितली. नाना आधी काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "पोरी, आकड्याचं परत सांग बरं." मी परत सांगितले.

ला नूंना भांडण मिटावे असे वाटे. १५७२ साली पॅरिसमध्ये हजारो ह्यूगनॉट मारले गेले. ला रोशेलचे लोक राजाच्या अधिकाऱ्याला शहरात घेईनात. तेव्हा राजाने ला नूंनाच समेट करायला पाठवले. शहरवाल्यांनी त्यांना आपला सेनापती केले. ते लढायचेही आणि समेट करा असेही सांगायचे. म्हणून एका धर्मगुरूने रागाने त्यांच्या तोंडात मारली, असे सांगतात. तरी त्यांनी त्याला शिक्षा केली नाही, घरी पाठवून दिले. मला हे हाताच्या गोष्टीपेक्षाही अवघड वाटते. माझ्या भावाने मारले तर मी लगेच मारते.

पुढे १५८० साली स्पेनच्या सैन्याने त्यांना पकडले. पाच वर्षे ते किल्ल्यात कैदेत होते. तिथे त्यांनी राज्यकारभारावर आणि युद्धावर मोठे पुस्तक लिहिले. उजवा हात होता म्हणून बरे! ते पुस्तक १५८७ साली छापले. १५९१ साली एका वेढ्यात डोक्याला जखम होऊन ते वारले. लढाया थांबल्या त्या त्यानंतर सात वर्षांनी.

परवा नाना लोहाराकडे हाताचे माप देऊन आले. आकडा अजून झालेला नाही. बैल दावणीलाच आहेत.