जागेवर थांबलेली लाट

तेरेखोलच्या किल्ल्यावरून समुद्राकडे पाहावं, तर लाटांमागून लाटा किनाऱ्याकडे चालून येत असतात. पण खोल पाण्यात पुढे सरकते ती फक्त लाट; पाणी जवळजवळ जागच्या जागीच गोल फिरत राहतं. तिथं तरंगणारा नारळ लाटेबरोबर पळत नाही, नुसता वर-खाली, मागे-पुढे होतो. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, पावसाळ्यातल्या म्हादई नदीवर, याच्या नेमकं उलटं घडतं. तिथं पाणी धावतं आणि लाट थांबते!

अशी लाट राफ्टिंगमध्ये भेटते. पण तेरेखोल नदीला तिच्या मुखाशी उतार उरलेला नाही. भरती-ओहोटीच्या त्या संथ पाण्यात फेरीबोट चालते, राफ्ट (हवा भरलेली रबरी होडी) नाही. राफ्टिंगला उतार लागतो आणि तो सह्याद्रीच्या पायथ्याशी मिळतो. बेळगाव जिल्ह्यातल्या भीमगडच्या रानात उगम पावलेली म्हादई घाट उतरून सत्तरीत येते आणि पुढे मांडवी होऊन पणजीपाशी समुद्राला मिळते. २०१२ च्या पावसाळ्यात गोवा पर्यटन विकास महामंडळाने वाळपईजवळ याच नदीत राफ्टिंग सुरू केलं.

पात्रातल्या खडकावरून पाणी खाली घसरताना वेग घेतं. पुढच्या खोल, संथ पाण्यावर ते आदळतं आणि तिथं लाट उठते. ही लाट प्रवाहाच्या उलट, वरच्या दिशेनं जाऊ पाहते. जेवढ्या वेगानं ती वर चढते, तेवढ्याच वेगानं पाणी तिला खाली ढकलतं. दोन्ही वेग जुळले की लाट जागेवर उभी राहते. क्षणाक्षणाला तिच्यातलं पाणी बदलतं, पण ती हलत नाही. ती फुटली की हवा पाण्यात कोंडली जाते आणि असंख्य बुडबुडे सगळ्या रंगांचा प्रकाश सारखाच विखुरतात. म्हणून फेस पांढराशुभ्र दिसतो.

लाट जागा सोडत नाही, म्हणूनच नदी वाचता येते. वाटाड्या पुढच्या पाण्यात इंग्रजी ‘व्ही’चा आकार शोधतो. त्याचं टोक प्रवाहाच्या दिशेनं असेल, तर दोन खडकांमधून मोकळी वाट आहे. टोक आपल्याकडे, म्हणजे प्रवाहाच्या वरच्या अंगाला असेल, तर तिथं पाण्याखाली खडक आहे. मोठ्या खडकाच्या मागे पाणी उलटं वर वळतं. तिथं राफ्ट थांबवून दमही खाता येतो.

खडक बारमाही, पाणी मात्र पावसाचं. म्हणून म्हादईवरचा हा खेळ पावसाळ्यापुरताच. रायगड जिल्ह्यात कोलाडला वेगळंच नवल आहे. तिथं कुंडलिका नदीला पाणी येतं ते भिऱ्याच्या वीजकेंद्रातून. मुळशी धरणाचं हे पाणी एरवी भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला गेलं असतं. डोंगराच्या पोटातून ते कोकणात उतरतं, वीज तयार करतं आणि मग कुंडलिकेत सुटतं. त्यामुळे पाऊस सरल्यावरही तिथं लाटा उभ्या राहतात.

राफ्टिंगच्या पाण्याची प्रतवारी एक ते सहा अशी असते. नवख्यांसाठी दोन-तीनची पातळी योग्य. पण हलक्या पाण्यालाही मान द्यावा. पाण्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा रेटा चौपट होतो. म्हणून राफ्टमधून पडलात तर वाहत्या पाण्यात उभं राहायला जाऊ नका. पाय खडकांच्या फटीत अडकला, तर तोच रेटा माणसाला आडवा दाबून धरतो. पाठीवर तरंगा, पावलं पुढे, पायाची बोटं पाण्याबाहेर.

आणि लाट समोर आली की घाबरून वल्हं आवरू नका. पाण्याच्याच वेगानं वाहणाऱ्या राफ्टला दिशा देणं अवघड असतं. पाण्यापेक्षा वेगानं किंवा हळू चालली तर ती सहज वळते. शिवाय पाण्यात रोवलेलं वल्हं आपल्यालाही तोल देतं. तेव्हा वाटाड्यानं ‘फॉरवर्ड’ म्हणताच सगळ्यांनी एका तालात जोर लावायचा. ती लाट आपल्याकडे येणार नाही. आपणच तिच्यावर चालून जायचं आहे.