किनाऱ्यावरची गर्दी आणि सीलचं वेळापत्रक

सॅन फ्रान्सिस्कोला मुलांकडे गेलेल्या मराठी आई-वडिलांच्या भटकंतीत पिअर 39 ठरलेला असतो. तिथल्या लाकडी तराफ्यांवर एकमेकांच्या अंगावर रेलून भुंकणारे समुद्रसिंह हे शहराचं मोठं आकर्षण. पण भर उन्हाळ्यात गेलं, तर बरेचसे तराफे मोकळे दिसतात आणि "कमी झाले वाटतं बिचारे!" असा उद्गार निघतो. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर आणि बेटांवर येणाऱ्या या प्राण्यांबद्दल असे बरेच समज रूढ आहेत.

गैरसमज 1 : तराफे ओस पडले म्हणजे प्राणी घटले.

वस्तुस्थिती : उन्हाळ्यात समुद्रसिंह विणीसाठी दक्षिणेला जातात. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या चॅनल आयलंड्समधली सॅन मिगेल आणि सॅन निकोलस ही त्यांची मुख्य बेटं. बहुतेक पिल्लं जूनमध्ये जन्मतात. जुलैनंतर विणीचा हंगाम सरला की नर उत्तरेकडे निघतात आणि ओरेगन, वॉशिंग्टन, अगदी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियापर्यंत पोचतात. माद्यांना मात्र वर्षभर पिल्लांना पाजायचं असतं, त्यामुळे त्या बेटांच्या आसपासच राहतात. म्हणून उत्तरेकडच्या धक्क्यांवर दिसणारी मंडळी मुख्यतः नर असतात.

ऋतूखेरीज मासळीही त्यांना हलवते. नोव्हेंबर 2009 मध्ये पिअर 39 वर सुमारे 1,700 समुद्रसिंह मोजले गेले होते. वर्ष संपता संपता जवळजवळ सगळे निघून गेले आणि तर्कवितर्कांना ऊत आला. ते भक्ष्याच्या मागे गेले असावेत, असं अभ्यासकांनी तेव्हा सांगितलं. पुढच्या काही महिन्यांत ते परतूही लागले.

गैरसमज 2 : सील काय, समुद्रसिंह काय, सगळे एकच.

वस्तुस्थिती : समुद्रसिंहाला बाहेर दिसणारे छोटे कान असतात. मागचे वल्ह्यासारखे पाय तो पोटाखाली वळवू शकतो, म्हणून जमिनीवर चक्क चालतो. सीलच्या कानाच्या जागी नुसतं भोक असतं आणि त्याला पोटावर सरपटावं लागतं. त्यांची पंचांगंही वेगळी आहेत. हार्बर सीलची पिल्लं वसंतात जन्मतात, समुद्रसिंहांची जूनच्या सुमारास आणि हत्ती सीलची ऐन हिवाळ्यात. त्यामुळे ‘सीलचा हंगाम कोणता?’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही.

गैरसमज 3 : हत्ती सील फक्त पिल्लांसाठी किनाऱ्यावर येतात.

वस्तुस्थिती : कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या आन्यो नुएवोसारख्या ठिकाणी हत्ती सील जवळपास बारा महिने दिसतात, पण दर मोसमात वेगळे. डिसेंबरात अजस्र नर येऊन जागेसाठी झुंजतात. त्यापाठोपाठ गाभण माद्या येतात आणि किनाऱ्यावर पोचल्यावर थोड्याच दिवसांत वितात. आई साधारण चार आठवडे पाजते आणि त्या काळात स्वतः काहीही खात नाही. तेवढ्यात सुमारे 35 किलोचं पिल्लू 130 किलोच्या घरात जातं. मग समागम करून ती समुद्रात निघून जाते. पिल्लं मात्र आणखी दोनेक महिने किनाऱ्यावरच, साठलेल्या चरबीवर जगत, पोहायला शिकतात.

एप्रिल-मेमध्ये माद्या पुन्हा येतात, त्या कात टाकायला. उन्हाळ्यात प्रौढ नर त्याच कामासाठी येतात. शरद ऋतूत कोवळ्या वयाचे सील विश्रांतीला येतात आणि नेमक्या त्याच सुमारास सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या फॅरालॉन बेटांभोवती पांढऱ्या शार्कचा वावर वाढतो. उरलेला बहुतेक काळ हे प्राणी खोल समुद्रात असतात. नर अलास्काच्या दिशेने, तर माद्या उत्तर पॅसिफिकच्या खुल्या पाण्यात जातात. चारशे-सहाशे मीटर खोल, वीस-वीस मिनिटांच्या बुड्या हा त्यांचा रोजचा शिरस्ता.

गैरसमज 4 : कातडीची लक्तरं लोंबणारा सील आजारी असतो आणि एकटं पिल्लू अनाथ असतं.

वस्तुस्थिती : हत्ती सीलचे केस वरच्या कातडीसकट पापुद्र्यांनी निघतात. नवी कातडी येण्यासाठी अंगाच्या पृष्ठभागाला भरपूर रक्तपुरवठा लागतो. थंडगार पाण्यात तो केला तर ऊब वाया जाते, म्हणून कात टाकण्याचे आठवडे जमिनीवर काढणंच परवडतं. समुद्रसिंहाची आई पिल्लाला मागे ठेवून काही दिवस शिकारीला जाते, तर हार्बर सीलची आई थोड्या वेळासाठी. अशा पिल्लाजवळ माणसांची वर्दळ असली की आई किनाऱ्याला यायला कचरते. त्याला न उचलता, न हाकलता किमान 50 यार्ड दूर राहावं आणि शंका आली तर स्थानिक बचाव केंद्राला कळवावं.

गैरसमज 5 : दिसतील तेवढे मोजले की संख्या कळते.

वस्तुस्थिती : एसटी स्टँडवरची माणसं मोजून गावाची लोकसंख्या सांगता येत नाही. कुठल्याही दिवशी मोठा कळप पाण्यात असतो. म्हणून अभ्यासक विणीच्या हंगामात पिल्लं मोजतात, कारण नवजात पिल्लं त्या काळात किनाऱ्यावरच असतात. त्या आकड्यावरून एकूण संख्येचा अंदाज बांधता येतो.

याच मोजणीतून हत्ती सीलची कहाणी उलगडली. तेलासाठी झालेल्या कत्तलीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मेक्सिकोच्या ग्वादलुपे बेटावर जेमतेम काही जनावरं उरली होती. 1922 मध्ये मेक्सिकोने संरक्षण दिलं, पुढे अमेरिकेनेही दिलं. आन्यो नुएवोवर 1961 मध्ये आणि फॅरालॉनवर 1972 मध्ये पिल्लं जन्मली. 2010 च्या अंदाजानुसार संख्या दोन लाखांच्या पुढे गेली होती.

खरं संकटही असंच ओळखू येतं. 2013 पासून कोमट झालेल्या पाण्यात सार्डिन आणि अँचोव्ही विणीच्या बेटांजवळ मिळेनासे झाले. आया शिकारीसाठी लांब जाऊ लागल्या आणि पिल्लं हाडकुळी राहिली. 2015 च्या पहिल्या पाच महिन्यांतच समुद्रसिंहांची 3,000 हून जास्त पिल्लं दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याला लागली. जूनमधल्या ओस तराफ्यांची तुलना नोव्हेंबरातल्या गर्दीशी केली, तर यातलं काहीच कळत नाही. यंदाच्या जूनची तुलना गेल्या जूनशी करावी, आणि तीही विणीच्या बेटावरची पिल्लं आणि त्यांची वजनं पाहून.