शिवणयंत्र, दोरा आणि केर : काही गैरसमज

वर्षाकाठी 3,000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस झेलणाऱ्या रत्नागिरीत शिवणयंत्र अडले, की त्याचा कसूर दमट, खाऱ्या हवेच्या माथी मारण्याचा परिपाठ आहे. त्या हवेने सुईस व उघड्या पोलादास गंज चढतो, हे खरे; परंतु टिपेविषयीच्या पुष्कळ तक्रारींचे मूळ दोरा ओवण्याच्या आणि केर काढण्याच्या रीतीत असते.

समज : कापडाखाली दोऱ्याचे जाळे झाले, म्हणजे बॉबिन बिघडली.

वस्तुस्थिती : वरचा दोरा व बॉबिनचा दोरा कापडाच्या थरांत परस्परांत गुंतले, की टीप पडते; वरच्या दोऱ्यास ताण नसेल, तर शटलाभोवती फिरून आलेला त्याचा वेढा पुरता वर ओढला जात नाही व खाली जाळे साचते. कापड दाबणारा पाय खाली असताना दोरा ओवल्यास टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या राहतात आणि दोरा त्यांच्यामध्ये न शिरता वरूनच घसरतो. म्हणून बॉबिनच्या स्क्रूस हात लावण्यापूर्वी पाय उचलून दोरा नव्याने ओवावा.

समज : केर कापडाचाच असतो व फुंकर मारली की तो जातो.

वस्तुस्थिती : टिपेत बसण्यापूर्वी दोऱ्याचा प्रत्येक अंश सुईच्या नेढ्यातून अनेकवार मागेपुढे घासला जातो, त्यामुळे सुती दोरा, विशेषतः आखूड तंतूंचा, स्वतःच लव सोडतो. ही लव सुईखालच्या पत्र्याच्या आड, दात्यांच्या फटींत नमद्याप्रमाणे घट्ट बसली, की दाते कापड नीट पुढे सारीत नाहीत व टाके आखूड पडतात. फुंकरीने केर अधिकच आत जातो, शिवाय श्वासातील ओल पोलादावर बसते; यास्तव पत्र्याचे स्क्रू काढून कोरड्या ब्रशाने केर बाहेर ओढावा.

समज : घरचे खोबरेल यंत्रास चालते.

वस्तुस्थिती : खोबरेल सुमारे 24 अंशांखाली थिजते, म्हणजे माघातल्या पहाटे रत्नागिरीतही, शिवाय कालांतराने ते चिकट होते. यंत्रास मशीनचे पातळ खनिज तेलच द्यावे, आणि तेही केर काढल्यावर. अन्यथा दोहोंचा चिखल होतो. तेल दिल्यावर चिंधीवर काही टिपा माराव्या, म्हणजे जादा तेल शोषले जाते.

तेव्हा नवी सुई, नव्याने ओवलेला दोरा, काढलेला केर आणि शेवटी तेल, हा क्रम वाचकांनी पाळावा. त्यानंतरही तक्रार उरली, तरच यंत्र कारागिराकडे न्यावे.