सीलचे कातडे आणि कायद्यातला अपवाद

फर म्हणजे केसांसकट कमावलेले कातडे. युरोपात ती शतकानुशतके प्रतिष्ठेची खूण होती. १६७० साली सनद मिळालेली हडसन्स बे कंपनी उत्तर अमेरिकेत पसरली, ती मुख्यतः बीव्हरच्या कातड्यांवर. आज चित्र उलटे आहे. २००० साली ब्रिटिश संसदेने इंग्लंड-वेल्समध्ये फरसाठी प्राणी पाळण्यावर बंदी घालणारा कायदा केला. २०१७ साली गुचीने फर सोडण्याची घोषणा केली आणि त्याच वर्षी भारतानेही मिंक, कोल्हा व चिंचिला यांच्या फरची आयात थांबवली. मिरवण्याची वस्तू लाजेची होते तेव्हा नेमके काय घडते, आणि त्याची किंमत कोण मोजतो? मला याचे उत्तर सीलच्या कातड्याच्या इतिहासात सर्वांत स्पष्ट दिसते.

पूर्व कॅनडाच्या समुद्रात हिवाळा सरताना हार्प जातीच्या सील माद्या तरंगत्या बर्फावर पिल्ले देतात. पिल्लाच्या अंगावरची पांढरीशुभ्र लव जेमतेम दोन आठवडे टिकते, आणि बाजारात मोठी मागणी होती ती तिलाच. शिकारी बर्फावर उतरून पिल्लांना सोट्यांनी मारत. १९६०च्या दशकात या शिकारीची चित्रणे लोकांपुढे येऊ लागली. पुढे ग्रीनपीससारख्या संघटना मोहिमेत उतरल्या; १९७७ साली फ्रेंच अभिनेत्री ब्रिजित बार्दो स्वतः त्या बर्फावर गेली. पांढरा बर्फ, त्यावर रक्त आणि पिल्लाचे काळेभोर डोळे, या छायाचित्राला युक्तिवादाची गरजच नव्हती. १९८३ साली युरोपीय आर्थिक समुदायाने अशा पिल्लांच्या कातड्यांची आयात रोखली. १९८७ साली कॅनडानेही या पांढऱ्या पिल्लांची व्यापारी शिकार बंद केली.

आता आणखी उत्तरेकडे, आर्क्टिकमध्ये पाहू. तिथले इन्युइट लोक मुख्यतः रिंग्ड जातीचे सील मारतात. मांस घरात आणि शेजारीपाजारी वाटून खाल्ले जाते, कातडे विकले जाते आणि त्या पैशातून पुढच्या शिकारीची काडतुसे आणि बर्फगाडीचे इंधन येते. १९८३च्या नियमात इन्युइटांच्या पारंपरिक शिकारीला स्पष्ट सूट होती. पण गिऱ्हाईक कलमे वाचत नाही. त्याच्या लेखी सील म्हणजे छायाचित्रातले ते पिल्लू. मागणी आटली आणि इन्युइटांच्या कातड्यांचे भावही कोसळले. मांसाची गरज तशीच राहिली. शिकारीला निघण्यापुरते रोख पैसे मात्र उरले नाहीत. दुकानातले अन्न दक्षिणेकडून येणारे, म्हणून फार महाग.

२००९ साली युरोपीय संघाने बंदी सर्व सील उत्पादनांना लागू केली, पुन्हा इन्युइटांचा अपवाद ठेवूनच. २०१४ साली जागतिक व्यापार संघटनेने सार्वजनिक नीतिमत्तेच्या आधारावर अशी बंदी घालता येते हे मान्य केले, पण अपवाद राबवण्यातल्या भेदभावावर बोट ठेवले. त्याच वर्षी ग्रीनपीसच्या कॅनडा शाखेने आपल्या मोहिमेमुळे झालेल्या हानीबद्दल इन्युइटांची माफी मागितली.

छायाचित्र खोटे नव्हते, लोकांचा कळवळाही खरा होता. मोहिमेने शिकारीची क्रूरता घरोघरी पोहोचवली, पण कोणती शिकार वेगळी आहे हे त्याच जोराने सांगितले नाही. माझ्या मते दोष आहे तो इथे. आज ग्रीनलंड आणि नुनावुतमधील कातडे प्रमाणपत्रासह युरोपात कायदेशीरपणे विकता येते. प्रमाणपत्र मिळते; घेणारा मिळणे मात्र अजून कठीणच आहे.