लाडकी गाडी सातासमुद्रापार न्यावी का?

परदेशात स्थायिक व्हायला निघालेल्या माणसाच्या घरात महिनाभर आधीपासून वजनकाटा फिरत असतो. लोणच्याची बरणी, आईच्या हातची गोधडी, लग्नाचा अल्बम, मुलांची पुस्तके. काय न्यायचे आणि काय ठेवायचे, हे तो काटा ठरवतो. दारात उभी असलेली गाडी मात्र काट्यावर चढत नाही. तिचा विषय निघाला की घरातले सगळे गप्प होतात.

आमच्या यवतमाळात आमच्याच गल्लीतला एक मुलगा बायको-लेकरांसह ऑस्ट्रेलियाला निघाला. वडील दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांनी १९९७ साली घेतलेली प्रीमिअर पद्मिनी, म्हणजे आपल्या बोलण्यातली फियाट, अजून चालू स्थितीत. एके दिवशी तो मला म्हणाला, "चाचा, बाबांची फियाट सोबत नेता येईल का? तुम्ही लिहिणारे-वाचणारे आहात, जरा माहिती काढा ना." त्या निमित्ताने जी माहिती हाती आली, ती इतरांच्याही उपयोगी पडावी म्हणून आज सांगतो आहे.

पहिला प्रश्न रस्त्याच्या बाजूचा. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, म्हणून स्टिअरिंग उजवीकडे असते. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिंगापूर इथे हीच पद्धत आहे. आखाती देशांत नेमके उलटे. आपल्या भागातली बरीच मंडळी दुबई, सौदीला नोकरीला जातात. तिथे कायम वापरासाठी उजव्या स्टिअरिंगची गाडी नोंदवून मिळत नाही. तेव्हा तिकडे निघालेल्यांनी हा विचार इथेच सोडलेला बरा.

दुसरा प्रश्न गाडीच्या वयाचा, आणि इथे मोठी गंमत आहे. नवी गाडी नेणे सोपे आणि जुनी नेणे अवघड, असे आपल्याला वाटते. अमेरिकेत हे उलटे आहे. तिथल्या सुरक्षा नियमांप्रमाणे न बनलेली गाडी पंचवीस वर्षांची झाली, की त्या नियमांतून तिला सूट मिळते. त्याआधी तिला कायमचा प्रवेश मिळवणे जवळपास अशक्य. शोरूममधून कालच काढलेली आपली गाडी अमेरिकेच्या बंदरात अडेल आणि १९९७ ची फियाट आत जाईल! कॅनडात हीच मर्यादा पंधरा वर्षांची आहे. ब्रिटनमध्ये दहा वर्षांहून जुन्या मोटारीला नव्या गाड्यांना लागणारी मंजुरीची तपासणी लागत नाही. सिंगापूरमध्ये मात्र वापरलेली गाडी तीन वर्षांच्या आतली असावी लागते. म्हणजे प्रत्येक देशाचे पंचांग वेगळे. एकाचा अनुभव दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही.

तिसरा प्रश्न मालकीचा. ब्रिटनमध्ये राहायला जाणाऱ्याला गाडीवरच्या करात सवलत मिळते. त्यासाठी तो आधीचे किमान बारा महिने ब्रिटनबाहेर राहिलेला असावा आणि गाडी किमान सहा महिने त्याच्या मालकीची व वापरातली असावी. नेल्यावर वर्षभर ती विकताही येत नाही. ऑस्ट्रेलियात स्वतःच्या वापरातली गाडी म्हणून न्यायची, तर ती किमान बारा महिने आपल्या नावावर आणि वापरात असल्याचे दाखवावे लागते. पंचवीस वर्षांहून जुन्या वाहनांसाठी तिथे वेगळी वाट आहे. पण कोणत्याही वाटेने गेले, तरी आयातीची मंजुरी गाडी जहाजावर चढण्याआधी हातात हवी. आधी पाठवू, मग बघू, हे तिथे चालत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या दोन अटी आपल्या ध्यानात चटकन येत नाहीत. एक म्हणजे ॲसबेस्टॉस. जुन्या गाड्यांच्या ब्रेक लायनिंगमध्ये, क्लचमध्ये, गॅस्केटमध्ये ते असते. त्या देशात २००३ च्या अखेरीपासून त्यावर पूर्ण बंदी आहे. म्हणजे गाडी निघण्यापूर्वी तिचे हे भाग तपासून बदलावे लागतात. दुसरी अट मातीची. चाकांच्या कमानीत, चासीच्या खाचांत आपल्या काळ्या मातीचा कण किंवा गवताचे बी राहिले, तर गाडी पुन्हा धुण्याचा खर्च मालकाच्या माथी. यवतमाळच्या कापसाच्या वावरांतून फिरलेली गाडी किती ठिकाणी माती धरून असते, हे तुम्हाला मी काय सांगावे!

आता प्रवासाचे पाहू. यवतमाळहून न्हावा-शेवा बंदर साडेसहाशे किलोमीटरच्या वर. तिथून दोन मार्ग. एक कंटेनरचा. फियाटची लांबी चार मीटरच्या आत आहे, त्यामुळे वीस फुटी कंटेनरमध्ये ती एकटी आरामात मावते. दुसरा मार्ग रोरो जहाजाचा, ज्याच्या पोटात गाड्या थेट चालवत चढवतात. भाडे, विमा, दोन्ही बंदरांवरचे खर्च, तिथला कर आणि तपासणी यांची बेरीज करून ती गाडीच्या इथल्या किमतीशेजारी लिहावी. जुन्या गाडीच्या बाबतीत ही बेरीज किमतीच्या कितीतरी पुढे जाते. तरीही न्यायची असेल, तर आपण वाहन नाही, आठवण नेतो आहोत, हे स्वतःशी कबूल करावे. आठवणीवर खर्च करणे हा काही गुन्हा नाही, फक्त हिशेब उघड्या डोळ्यांनी करावा.

उलट दिशेचा प्रवास तर आणखी कठीण आहे. परदेशातून कायमचे परतणाऱ्यांना वाटते, सामानाबरोबर गाडीही सवलतीत येईल. पण प्रवाशाच्या सामानाच्या नियमांत मोटार बसत नाही. वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांच्या आतली हवी, उजव्या स्टिअरिंगची हवी आणि ती फक्त मुंबई बंदरातूनच आणता येते. पुण्याची एआरएआय किंवा नगरची व्हीआरडीई अशा संस्थेची तपासणी असते ती वेगळीच. आयातकर इतका, की गाडीच्या किमतीहून कर मोठा व्हावा. सचिन तेंडुलकर यांची लाल फेरारी आठवते ना? ब्रॅडमन यांच्या २९ शतकांची बरोबरी केल्याबद्दल २००२ साली त्यांना ती भेट मिळाली. त्या भेटीवरचा कर होता सुमारे एक कोटी तेरा लाख रुपये. तो माफ करण्यावरून देशभर वाद झाला आणि शेवटी तो फियाट कंपनीने भरला.

मग काही लोक परदेशातून गाडी चालवत भारतात येतात, ते कसे? २०२४ साली ब्रिटनमध्ये राहणारा एक माणूस लंडनहून आपली गाडी चालवत सोळा देश ओलांडून ५९ दिवसांत ठाण्याला घरी आला. अशा प्रवासाला कार्नेट नावाचा दस्तऐवज लागतो. त्याचा अर्थ एवढाच, की ही गाडी पाहुणी आहे, मुदतीत परत जाईल, नाही गेली तर कर भरला जाईल याची हमी आहे. आपल्याकडे मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन असे कार्नेट देते. पाहुणी म्हणून जाणे आणि नांदायला जाणे यांत फरक आहे. कार्नेट नांदणाऱ्या गाडीसाठी नव्हे.

नांदण्यावरून आपल्या शकुंतलेची गोष्ट सांगतो. यवतमाळ–मूर्तिजापूर मार्गावरचे तिचे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनले, समुद्र ओलांडून आपल्याकडे आले आणि १९२३ पासून १९९४ पर्यंत धावले. सत्तर वर्षे! परक्या मुलखातले यंत्र इथे इतके टिकले, कारण त्याच्या मापाचे अडीच फुटी रूळ इथे होते आणि त्याची नस ओळखणारे फिटर इथे होते. गाडीचेही तसेच आहे. आमच्या गल्लीतल्या फियाटचा कार्ब्युरेटर नुसत्या आवाजावरून ओळखणारा मिस्त्री पांढरकवडा रोडला आहे. मेलबर्नमध्ये तो कुठून आणायचा? पद्मिनीचे उत्पादन या शतकाच्या सुरुवातीलाच थांबले. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून गेली. सुटा भाग इथूनच मागवायचा आणि तो येईपर्यंत गाडी झाकून ठेवायची. जी गाडी इथे रोज बाजारात जाते, ती तिथे आच्छादनाखाली उभी राहणार असेल, तर आपण तिला काय दिले?

त्या मुलाची अडचण मात्र आणखी आधीच निघाली. गाडी अजून वडिलांच्याच नावावर होती. मालक वारल्यावर तीस दिवसांत आरटीओला कळवायचे आणि तीन महिन्यांत वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१ भरायचा, असा नियम आहे. हे बऱ्याच घरांत राहूनच जाते. त्यासाठी इतर वारसांची संमती लागते. तो कागद घेऊन मुलगा आईकडे सहीला गेला, तेव्हा ती म्हणाली, "अरे, मला विचारायला आरटीओनं सांगावं लागलं का?" पुढे ती एवढेच म्हणाली, "शुक्रवारी मी त्याच गाडीतून डॉक्टरकडे जाते." गाडी आईच्या नावावर झाली. चुलतभाऊ ती चालवतो. मुलगा विमानाने गेला.

प्रत्येक घरात असेच घडेल असे नाही. कुणाला गाडी विकूनच जावे लागते. त्यांनी एक गोष्ट पक्की करावी. नुसते पैसे घेऊन किल्ली देऊ नये. फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलल्याची खात्री करावी, कर्ज असेल तर बँकेचा बोजा उतरवावा आणि मगच विमानात बसावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे, की अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक, मग गाडी पुढे कितीही हातांत गेलेली असो. तुम्ही सिडनीत आणि नोटीस यवतमाळच्या पत्त्यावर, असे होऊ नये. गाडी मागेच ठेवायची असेल, तर विमा चालू ठेवावा आणि पंधरा वर्षांनंतरचे नोंदणी-नूतनीकरण कोण करणार, ते ठरवून जावे.

तेव्हा मंडळी, गाडी नेण्याचा विचार मनात असेल तर प्रश्न या क्रमाने विचारा. तिथे रस्त्याची बाजू कोणती? गाडीचे वय तिथल्या नियमात बसते का? ती माझ्या नावावर किती दिवस आहे? खर्चाची बेरीज किती? तिला तिथे मिस्त्री मिळेल का? आणि इथे तिची गरज कुणाला आहे? पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे कार्यालयांत मिळतात, पाचव्याचे गॅरेजमध्ये. शेवटच्याचे घरातच मिळते, म्हणून खरे तर ते सगळ्यांत आधी विचारावे. निघण्याच्या निदान वर्षभर आधी विचारावे, म्हणजे उत्तर काहीही आले तरी ते पाळायला वेळ राहतो.